यादीतलं झाड

खड्डा गुडघाभर खोल झाला तेव्हा भिंतीपलीकडून चेअरमनचं डोकं वर आलं. मीटरवाले सकाळपासून त्याचीच वाट बघत होते. वसाहतीत कुठेही कुदळीचा आवाज झाला की चेअरमन तिथे हजर होणार हे ठरलेलं, आणि इथे तर आवाज त्यांच्या स्वतःच्या भिंतीला लागून होत होता.

"काय चाललंय मीटरवाले?"

"झाड लावतोय साहेब."

"कुठलं?"

"यादीतलंच आहे."

मीटरवाल्यांनी कुदळ खाली ठेवली, हात पँटीला पुसले आणि खिशातली यादी काढून भिंतीवरून पुढे केली. ही यादी वसाहतीतल्या प्रत्येक घराच्या खरेदीखताला जोडलेली होती. पुढच्या अंगणात काय चालेल, बाजूच्या पट्टीत काय चालेल, मागच्या कोपऱ्यात कुठलं झाड लावता येईल, सगळं त्यात छापलेलं. घर घेताना सही केली की त्या अटी मान्य. यादी चेअरमननीच तयार केली होती, तरी त्यांनी चष्मा लावून ती पुन्हा वाचली. मागच्या कोपऱ्याच्या झाडांत सप्तपर्णीवर पेन्सिलीची खूण होती.

चेअरमन खूश झाले. झाड उत्तम आहे, बारा महिने हिरवं राहतं, सरळ वाढतं, असं त्यांनी सांगितलं. शिवाय त्यांच्या झोपायच्या खोलीवर दुपारचं ऊन येई. त्या खोलीची खिडकी बरोबर इथेच, भिंतीपासून हातभर अंतरावर. म्हणजे सावली त्यांनाही मिळणार होती.

"तोच विचार केला," मीटरवाले म्हणाले.

चेअरमनचं डोकं खाली गेलं. हा माणूस झालं गेलं विसरून सरळ झाला असं त्यांना वाटलं असणार. मीटरवाल्यांनी रोप पिशवीतून काढलं, मुळांभोवतीची मूठभर मातीसुद्धा सांडू न देता खड्ड्यात ठेवलं आणि भोवतीची माती पायाने घट्ट दाबली. गेल्या कित्येक महिन्यांत त्यांच्या हातून एवढ्या निगुतीने काही झालं नव्हतं.

सप्तपर्णी काय चीज आहे ते मीटरवाल्यांना पक्कं ठाऊक होतं. त्यांचा सगळा जन्म लोकांच्या अंगणात गेला होता. पाणी खात्यात ते घरोघरचे मीटर वाचत. फाटक उघडायचं, कुत्रं बांधलंय ना विचारायचं, आकड्याने लोखंडी झाकण उचलायचं, खाली बसलेला बेडूक हुसकायचा, काच फडक्याने पुसायची आणि आकडा लिहून घ्यायचा. त्यांचे सोबती पुष्कळदा फाटकाबाहेरूनच अंदाजाने आकडा टाकून मोकळे होत. मीटरवाल्यांनी तसं एकदाही केलं नाही. याचा त्यांना थोडा गर्व होता, आणि दुसरा कसलाच गर्व करण्यासारखं आयुष्यात नसल्यामुळे त्यांनी तो जपून ठेवला होता.

तर त्या फेरीत एक बंगला लागायचा. त्याच्या कडेने सप्तपर्णीची रांग होती. हवा थंडीकडे झुकली की ती फुलायची. फुलं दिसायला अगदी गरीब, हिरवट पांढरी, झुपक्या झुपक्यांची. दिवसा वास बेताचा. पण ऊन उतरलं की असा काही दरवळ सुटायचा की घशात बसायचा, डोळ्यांमागे जाऊन ठणकायचा. घरातली बाई डोक्याला फडकं बांधून, खिडक्या लावून बसलेली असायची. या झाडांपायी घर विकायला काढलंय, असं मालकाने एकदा त्यांना सांगितलं होतं, आणि पुढच्या वर्षी खरोखरच फाटकावरची पाटी बदललेली होती.

आता हे झाड चेअरमनच्या उशापाशी वाढणार होतं, तेही चेअरमननी पसंत करून.

एवढा डूख मीटरवाल्यांनी का धरला ते सांगायला हवं. ते जन्मतः असे नव्हते. सर्व्हिसमध्ये लोकांनी कुत्री अंगावर सोडली, शिव्या दिल्या, तरी ते मुकाट पुढच्या घरी गेले होते. पण फेरीच्या पिशवीत त्यांच्याजवळ एक ओलं फडकं असे. कुणाच्या अंगणात चांगलं झाड दिसलं की ते एक फांदी मागून घेत आणि त्या फडक्यात गुंडाळून घरी आणत. ही हौस त्यांची नव्हे, बायकोची. वसाहत पुढे जिला काकू म्हणू लागली त्या त्यांच्या बायकोने खात्याच्या दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये, हातभर रुंदीच्या गॅलरीत, तेलाच्या डब्यांतून त्या फांद्या जगवल्या. झाडांना त्यांनी ज्या त्या घरांची नावं दिली होती. डॉक्टरीणबाईंचा अनंत. कुत्रेवाल्यांची जास्वंद. रडक्या पोराच्या घरची जाई. भांडकुदळ म्हातारीची कण्हेर. म्हातारी कधीच गेली, कण्हेर डब्यात फुलत राहिली. "आज भांडकुदळ म्हातारीनं कळी धरलीय," असं काकू सांगायच्या आणि मीटरवाल्यांना ते फाटक, ती सगळी आळी आठवायची.

निवृत्तीनंतर या वसाहतीत शेवटच्या ओळीतलं लहानसं घर मिळालं ते केवळ त्या डब्यांसाठी घेतलं. काकूंनी तीस वर्षांचे डबे एकेक करून फोडले आणि झाडं पुढच्या अंगणात जमिनीत लावली. जमीन मिळाल्यावर ती अशी काही उसळली की वर्षभरात घराची खिडकी दिसेनाशी झाली. अटी वाचायचं दोघांनाही सुचलं नाही. खरेदीखत वाचायची वस्तू आहे असं त्यांना वाटलंच नव्हतं. सही केली, ठेवीसारखं कपाटात ठेवून दिलं.

मग काकूंच्या पोटाचं दुखणं निघालं, ऑपरेशन झालं, जखम भरेना, आणि दोघंही पुष्कळ दिवस हॉस्पिटलात राहिली. तेवढ्यात वसाहतीच्या सुशोभन समितीने दाराच्या फटीतून नोटिसा सरकवल्या. पुढच्या अंगणात फक्त हिरवळ आणि गुडघ्याएवढं कुंपण, असा नियम. मुदतीत उत्तर आलं नाही तर समिती स्वतः अंगण नीट करून देईल, हाही नियम. उत्तर द्यायला घरात कोण होतं?

हॉस्पिटलातून परत येताना गाडी दारापुढे थांबली तेव्हा काकूंनी काचेतून बाहेर पाहिलं आणि म्हणाल्या, "अहो, चुकलो आपण. आपलं घर पुढचं असेल."

समोर सगळी हिरवळ होती. नुकती अंथरलेली, चौकोनांचे सांधेसुद्धा बुजले नव्हते.

मीटरवाले त्याच संध्याकाळी चेअरमनकडे गेले. झाडं काढली तर काढली, कुठे ठेवलीत एवढंच त्यांनी विचारलं. ती तर मुळासकट उपटून गाडीत भरून गेली होती. चेअरमन वाईट माणूस नव्हते. एका मोठ्या कारखान्यात व्यवस्थापक म्हणून त्यांनी जन्म काढला होता, आणि सगळं रांगेत, एका उंचीचं असलं की जग सुखी होतं अशी त्यांची मनापासून श्रद्धा होती. त्यांनी मीटरवाल्यांना बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं, काकूंच्या तब्येतीची चौकशी केली आणि म्हणाले, "माझं वैयक्तिक काही नाही मीटरवाले. नियम आहे."

मीटरवाले पाणी प्याले आणि घरी आले. हे वाक्य मात्र त्यांच्या मनात रुतून बसलं. दाढी करताना, दूध आणायला जाताना ते त्यांना ऐकू येई. काकू रडल्या नाहीत, बोलल्या नाहीत. त्यांनी पुढची खिडकी लावून घेतली आणि अंगणात पाऊल टाकायचं बंद केलं. दिवसभर त्या मागच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडून राहत. मुलीने फोनवर समजूत घातली, डॉक्टरांनी औषध बदललं, काही फरक पडला नाही. माती लागली नाही म्हणून त्यांचे हात इतके पांढरे पडले की मीटरवाल्यांना ते बघवत नसत. त्या हातांकडे बघता बघताच त्यांनी कपाटातून खरेदीखत काढलं आणि अटी वाचायला घेतल्या. मळकट काचेखालचा आकडा वाचतात तशा, एकेक अक्षर. मागच्या कोपऱ्याच्या झाडांपाशी आल्यावर ते थांबले आणि कित्येक महिन्यांनी पहिल्यांदा हसले.

आता एकच प्रश्न होता. झाड फुलेपर्यंत आपण टिकायला हवं.

मीटरवाल्यांनी ते मनावर घेतलं. त्यांनी चहातली साखर सोडली. सकाळी फिरायला जाऊ लागले. सकाळ संध्याकाळ बादली घेऊन ते मागच्या कोपऱ्यात जात, झाडाला पाणी घालत आणि मान वर करून चेअरमनच्या खिडकीकडे बघत. अजून फूटभर, मग चौकटीपर्यंत, मग पडद्याच्या दांडीपर्यंत. वसाहतीच्या माळ्याने कसलं खत घालता म्हणून विचारलं तेव्हा ते म्हणाले, प्रेमानं वाढवतोय. माळ्याला ते खरंच वाटलं.

एका सकाळी ते असेच पाणी ओतत होते, तर मागून आवाज आला.

"बुडाशी नका ओतू. लांबून आळं करा. मुळं कुजतील अशानं."

काकू मागच्या दारात उभ्या होत्या. गुडघ्यांवर हात ठेवत त्या दोन पायऱ्या उतरल्या, रोपाशी आल्या आणि खाली बसून बोटांनी माती उकरायला लागल्या. मीटरवाले बादली धरून तसेच उभे राहिले.

"यादीत हेच बसत होतं ना?" काकूंनी मान वर न करता विचारलं.

"हो."

"बरं केलंत." जरा वेळाने त्या म्हणाल्या, "मला वाटलं, तुम्ही विसरलात सगळं. माझ्यासाठी एवढं शोधून काढलंत."

त्या क्षणी सांगून टाकायला हवं होतं. पण काकूंच्या नखांत माती गेली होती, आणि त्या माती नखांतून काढतही नव्हत्या. मीटरवाल्यांनी नुसतं हूं केलं. एका हुंकाराने काय बिघडतंय, असं त्यांना वाटलं.

"हे कुणाच्या घरचं म्हणायचं?"

"कुणाचं नाही. नर्सरीतलं आहे."

"म्हणजे तुमचंच," काकू म्हणाल्या आणि त्यांनी आळं पुरं केलं.

त्या दिवसापासून झाड वाढवायला दोन माणसं झाली. मीटरवाले खिडकी बघून वाढवत होते आणि काकू झाड बघून. त्यांनी त्याच्या पानांवरची धूळ ओल्या फडक्याने पुसली, मुंग्या लागल्या तेव्हा खोडाला राख चोळली, वाऱ्याने कलतं म्हणून काठी बांधली. एकेका गाठीला सात सात पानं कशी येतात ते त्या फोनवर लेकीला सांगू लागल्या. त्यांची भूक परत आली. मग त्यांनी पुढची खिडकीसुद्धा उघडली. हिरवळीकडे बघून नाक मुरडलं, पण उघडली. डॉक्टर म्हणाले, औषध लागू पडलं. मीटरवाल्यांनी मान डोलावली.

इकडे चेअरमनही झाडावर खूश होते. नवं घर बघायला कुणी आलं की ते त्यांना भिंतीपाशी आणून दाखवत, की नियमात राहूनसुद्धा किती सुंदर झाड वाढवता येतं, हे बघा. एका वर्षी समितीने उत्तम झाडासाठी मीटरवाल्यांना शाल दिली. ती चेअरमनच्या हातून घेताना मीटरवाले इतके वाकले की लोकांना त्यांच्या नम्रतेचं कौतुक वाटलं. त्यांना हसू आवरत नव्हतं, म्हणून ते वाकले होते.

अशी पाच-सहा वर्षं गेली. झाड छपराच्या वर गेलं. मग एकदा, सकाळच्या हवेत गारवा आला तेव्हा, काकूंनी त्यांना हात धरून बाहेर नेलं आणि वर बोट दाखवलं. पानांच्या मधोमध हिरवट झुपके धरले होते.

"कळी धरली," त्या म्हणाल्या.

मीटरवाल्यांच्या छातीत असं धडधडायला लागलं की त्यांनी खोडाला हात टेकला. काकूंना वाटलं, आनंद झालाय. तो तर झालाच होता.

आठवड्याभरात झाड फुललं. पहिल्या संध्याकाळी वास सुटला तेव्हा काकू मागच्या पायरीवर तोंड वर करून बसल्या होत्या. त्यांना तो वास आवडला. जगात अशीही माणसं असतात, आणि त्यातलं एक आपल्याच घरात निघावं याचं मीटरवाल्यांना नवल वाटलं. त्यांचं स्वतःचं डोकं उठलं होतं. कपाळाला बाम चोळून, वर मफलर आवळून ते काकूंच्या शेजारी बसले आणि भिंतीपलीकडे बघत राहिले. चेअरमनच्या खोलीची खिडकी बंद झाली. मग शेजारची झाली. मग स्वयंपाकघराची. दुसऱ्या संध्याकाळी पडदेही ओढलेले दिसले. तिसऱ्या संध्याकाळी उजेड असतानाच सगळं बंद. मीटरवाल्यांचं डोकं फुटायची वेळ आली होती आणि मनात उकळ्या फुटत होत्या. एवढं सुख त्यांना घर घेतलं तेव्हाही झालं नव्हतं.

मग एका संध्याकाळी चेअरमन आले. एवढ्या वर्षांत ते नेहमी भिंतीवरून बोलत, आज पहिल्यांदा फाटक उघडून आत आले. मीटरवाल्यांनी त्यांना पुढच्या खोलीत खुर्ची दिली. बायकोला पाणी आणायला सांगितलं. सगळं अगदी तसंच व्हायला हवं होतं.

चेअरमन सुकले होते. त्यांनी झाडाचा विषय काढायला वेळ घेतला. आधी हवेवर बोलले, मग वसाहतीच्या रस्त्यावर. शेवटी म्हणाले की त्यांच्या पत्नीला गेली दोन वर्षं दम लागतो, आणि ही फुलं आल्यापासून संध्याकाळ झाली की तिचा श्वास कोंडतो. परवा हॉस्पिटलात न्यावं लागलं. आज घरी आणलीय, पण पुन्हा तेच सुरू झालं.

"आणि तुम्हाला?" मीटरवाल्यांनी विचारलं. "तुम्हाला काही त्रास होतो की नाही?"

"मला नाही. माझं नाक कारखान्यातच गेलं, रसायनांनी. मला वासच येत नाही कसला."

म्हणजे एवढी वर्षं पाणी घालून, साखर सोडून, ज्याच्यासाठी हे वाढवलं त्याला पत्ताच नव्हता. मग मीटरवाल्यांना वाटलं, हरकत नाही. आलाय ना दारात.

चेअरमन पुढे सांगत होते. यादीतलं झाड मालकाच्या अर्जाशिवाय कुणाला तोडता येत नाही. समितीलासुद्धा नाही. तेवढा एक अर्ज मीटरवाल्यांनी द्यावा, बाकीचं ते बघतील. दुसरं झाड आणून देतील, स्वतः लावून देतील.

मीटरवाल्यांनी खुर्चीत पाठ टेकली. हे वाक्य त्यांनी इतकी वर्षं तोंडात धरून ठेवलं होतं की ते बाहेर येताना अगदी मऊ आलं.

"माझं वैयक्तिक काही नाही साहेब. नियम आहे."

चेअरमनना ते वाक्य कुणाचं आहे ते बहुधा आठवलं नाही. पण अर्थ कळला. त्यांनी चष्मा काढला, रुमालाने पुसला, पुन्हा लावला. मीटरवाले त्यांच्या हातांकडे पोटभर बघत होते.

"तिचा काय दोष यात?" चेअरमन म्हणाले.

इथे मीटरवाल्यांनी थांबायला हवं होतं. जिंकलेला माणूस पुढे बोलत नाही. पण इतक्या वर्षांचं साठलेलं होतं.

"हिचा काय दोष होता?" ते म्हणाले. "तुमच्या माणसांनी सगळं मुळापासून उपटलं तेव्हा? त्याच दिवशी ठरवलं होतं मी. शोधून शोधून लावलंय हे झाड. तुमच्या खिडकीखाली. आता घ्या वास."

चेअरमनची नजर त्यांच्यावरून सरकून मागे गेली, म्हणून मीटरवाल्यांनीही वळून पाहिलं. काकू पाण्याचा ट्रे घेऊन दारात उभ्या होत्या.

चेअरमन पाणी न पिता गेले. फाटक लागल्याचा आवाज आला तरी काकू तिथेच होत्या. मग त्यांनी ट्रे टेबलावर ठेवला.

"वास असा असतो, ते तुम्हाला ठाऊक होतं?"

"हो."

"लावतानाच?"

बाहेरून अंदाजाने आकडा टाकायची वेळ आयुष्यात एकदाच आली होती आणि तेव्हाही त्यांना ते जमलं नाही. "हो," ते म्हणाले. "लावतानाच."

काकू खुर्चीवर बसल्या. त्यांनी दोन्ही हात मांडीवर उलटे करून ठेवले. बोटांच्या चिरांत माती होती, तीही आता धुऊन न जाणारी.

"तुझ्यासाठीच केलं गं," मीटरवाले म्हणाले. "तुझी झाडं घालवली त्यांनी. तू कशी झाली होतीस, आठवतंय का तुला?"

"आठवतंय की. या झाडानं उठवलं मला."

"मग?"

"मग काय. मी रोज पाणी घालत होते त्याला. आणि पलीकडे त्या बाईचा श्वास कोंडायचा होता."

"तिला दमा आहे ते मला कुठं माहीत होतं?"

"माहीत असतं तर नसतं लावलं?"

मीटरवाल्यांनी खूप विचार केला. नसतं लावलं, असं म्हणायला तोंडसुद्धा उघडलं. पण ते खोटं झालं असतं, आणि काकूंना ते कळलं असतं.

"अर्ज लिहा," काकू म्हणाल्या.

"तुझं झाड आहे ते. एवढं वाढवलंस."

"माझं कुठलं? तुमचं आहे आणि त्यांचं आहे. मी आपली मधे मधे करत होते."

त्या आत गेल्या. मोरीत नळ सोडल्याचा आवाज आला आणि बराच वेळ येत राहिला.

मीटरवाल्यांनी अर्ज लगेच लिहिला नाही. आणखी एक संध्याकाळ त्यांना हवी होती. त्या संध्याकाळी ते एकटेच मागच्या पायरीवर बसले. बंद खिडक्या बघितल्या. त्या बंद खिडक्यांतूनही खोकल्याची उबळ ऐकू येत होती, आणि एकेका उबळीनंतर मधे जी शांतता पडे ती फार लांबत होती. काकू मागच्या दारापर्यंतही आल्या नाहीत. आळं कोरडं पडलं होतं. मीटरवाल्यांनी सवयीने बादली भरून आणली, पण पाणी न घालता ती तशीच खाली ठेवली. मग आत जाऊन त्यांनी कागद घेतला.

चेअरमननी अर्जावर उभ्या उभ्या सही केली. समितीची बैठक बोलवायची असते हे त्यांनी मनावर घेतलं नाही. मीटरवाल्यांच्या ते लक्षात आलं, पण त्यात आता गंमत वाटत नव्हती. चेअरमन आभार मानायला मीटरवाल्यांच्या फाटकापर्यंत आले, तेव्हा काकू पुढे झाल्या. एवढ्या वर्षांत त्या चेअरमनशी पहिल्यांदाच बोलत होत्या.

"मागच्या वेळी मी घरात नसताना नेलीत," त्या म्हणाल्या. "या वेळी मला सांगून तोडा. आणि तुम्हीही या."

चेअरमननी मान डोलावली.

सकाळी माणसं आली. करवत, दोर, शिडी. काकूंनी स्वयंपाकघरातली खुर्ची उचलून आणली, मागच्या अंगणात झाडासमोर ठेवली आणि पदर सावरून तिच्यावर बसल्या. भिंतीपलीकडे चेअरमन येऊन उभे राहिले. काकूंनी त्यांच्याकडे पाहिलं नाही, पण त्या बसून आहेत तोवर आपल्याला जाता येणार नाही हे त्यांना समजलं होतं. ऊन वर आलं तशी त्यांनी टोपी काढून घाम पुसला, पुन्हा घातली आणि उभे राहिले.

वरच्या फांद्या आधी आल्या. फुलांसकट त्या हिरव्या ढिगात पडत होत्या आणि माणसं नाकाला फडकी बांधून काम करत होती. मग खोड तुकड्या तुकड्यांनी खाली आलं. काकू सगळं बघत होत्या. एकदाही त्यांनी मान फिरवली नाही, डोळ्याला पदर लावला नाही. खोड जमिनीबरोबर आलं तेव्हा माणसांनी घाम पुसला आणि आता झालं, म्हणाली. बुंधा तसाच राहू द्यायचा असतो, चारदोन वर्षांत आपोआप कुजतो.

"नाही," काकू म्हणाल्या. "मुळासकट काढा. तशीच पद्धत आहे इथली."

भिंतीपलीकडे चेअरमननी मान खाली घातली. माणसांनी पुन्हा कुदळी घेतल्या.

मीटरवाले इतका वेळ दारात उभे होते. खणायला उशीर लागणार हे दिसत होतं. ते आत गेले, दुसरी खुर्ची घेऊन आले आणि काकूंच्या शेजारी ठेवायला वाकले. काकू थोड्याही सरकल्या नाहीत. त्या खड्ड्याकडे बघत होत्या. मीटरवाल्यांनी खुर्ची जरा मागे ठेवली, मग आणखी मागे, घराच्या भिंतीपाशी. तिथेही ते तिच्यावर बसले नाहीत. खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून ते तिच्या मागे उभे राहिले, आणि मुळं निघेपर्यंत तसेच उभे होते.